बोटाला आलेलं सोनं

छापलेला कागद हातात आला की तो आधी गालाला लावायचा. डोळे मिटून, लहान मुलाचा ताप बघावा तसा. मग नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि शेवटी गिऱ्हाइकाकडे बघायचा.

"पावणं, अजून ओला हाय. लईच घाई असंल तर घरला न्या आन् इस्त्री करा."

गिऱ्हाईक वैतागायचं, कारण वरून कागद कोरडाच दिसत असायचा. मालक काचेच्या केबिनमधून हात जोडून खुणा करायचे की बाबा, जरा गोड बोल. त्याला त्या खुणा दिसायच्या. त्यावर तो कागद पुन्हा एकदा गालाला लावायचा, एवढंच.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात तुमच्या घरी लग्न झालं असेल, तर पत्रिकेवरचा सोनेरी गणपती त्याच्या हातचा असण्याची बरीच शक्यता आहे. जुन्या ट्रंकेत एखादी पत्रिका राहिली असेल तर काढून नखानं खरवडून बघा. सोनं निघणार नाही. त्याचं नाव मात्र मी लिहीत नाही. ते एकदा नको त्या कारणानं पेठापेठांतून फिरलेलं आहे. ज्यांनी तेव्हा ऐकलं, त्यांना मी कोणाबद्दल लिहितो आहे ते समजेल. त्यांनीच हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण त्यांनी जे ऐकलं ते खरं नव्हतं.

आमचा छापखाना शिवाजी पेठेतल्या एका बोळात होता. मी तिथं ऑफसेटवर मशीनमन. माझ्या मशीनवर रंग छापून झाला की कागद मागच्या खोलीत त्याच्याकडे जायचे. एकेक कागद हातानं लावून छापायच्या जुन्या ट्रेडल मशीनला हीटर बसवून घेतलेला. पितळी ब्लॉक तापायचा, मध्ये सोनेरी फॉइलची पट्टी सरकायची, ब्लॉक तिला कागदावर दाबायचा आणि फाटकन सोनेरी गणपती उमटायचा. बघणाऱ्याला जादू वाटायची. पण ताप जास्त झाला की सोनं काळवंडतं, कमी झाला की अर्धवट उमटतं, दाब एका बाजूला कमी पडला तर गणपतीची सोंडच गायब. मग तो ब्लॉकच्या समोर कागदाचे बारीक तुकडे चिकटवत बसायचा, सोंडेच्या जागी एक, कानाच्या जागी एक. बोलणं बंद.

त्या खोलीत पंखा नव्हता. म्हणजे होता, पण लावायचा नाही. वाऱ्यानं ब्लॉक निवतो आणि फॉइल फडफडतं. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, ती खोली भट्टीसारखी असायची. कागद कापणारा कटिंगवाला, बाइंडर, कोणी आत पाऊल टाकत नसे. मी जायचो. दुपारी डबा घेऊन त्याच्या स्टुलासमोर उलट्या खोक्यावर बसायचो. तो हीटरच्या वरच्या पट्टीवर दोघांच्या भाकरी ठेवायचा.

"खा मर्दा. तुझ्या मालकाच्या बायकूलाबी असली गरम भाकरी मिळत न्हाय."

तो बौद्ध होता, उचगावचा. सायकलवरून यायचा. संध्याकाळी घरी निघाला की मिशीत, भुवयांत, कानाच्या पाळीवर फॉइलची सोनेरी कुसळं चमकत असायची. झटकायचा नाही. "लोकं वाट सोडत्यात की," म्हणायचा. फुशारकी त्याला फार. शहरात आपल्यासारखा फॉइल मारणारा नाही, हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा आणि कोणी मान डोलावली नाही तर पुन्हा सांगायचा. हीटरच्या बटणाला कोणी हात लावलेला त्याला चालत नसे. एकदा मालकांनीच ते फिरवलं, तर त्यांना म्हणाला, "साहेब, मी तुमच्या गल्ल्याला हात लावतो काय?"

आणि एक विनोद होता त्याचा. ट्रेडलचा दांडा ओढता ओढता तो म्हणायचा, "बघ, तुमचा देव माझ्याकडनं चटका खाऊनच लग्नाला जातो." मला तो फार आवडायचा. मी तो तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवरच्या चहाच्या टपरीवर, कटिंगवाल्याला, बाइंडरला, सगळ्यांना सांगितला. सगळे हसले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या दोघांत एक करार होता. तोंडीच. शाईत मेणाची पेस्ट मिसळली की छापलेला रंग हाताला लागत नाही, एकावर एक कागद रचले तरी पुसत नाही. मशीनमनला ते फार सोयीचं. पण मेणावर सोनं धरत नाही. म्हणून ज्या कागदावर फॉइल मारायचं, त्याच्या शाईत मी मेण घालायचं नाही. आणि शक्य असेल तिथं गणपतीची जागा कोरी सोडायची, म्हणजे सोनं थेट कागदावर बसेल. इतकी वर्षं मी हा करार पाळला. तो दर वेळी विचारायचा, "मेण न्हाय न्हवं?" मी म्हणायचो, "न्हाय." तो गालाला कागद लावायचा आणि कामाला लागायचा.

त्या वर्षी वैशाखात वळवानं जोर धरला होता. हवा दमट, शाई वाळेना. पेठेतल्याच एका मोठ्या घराची पत्रिका आली. त्यांना पूर्ण गडद लाल पत्रिका हवी होती, कोरी जागा कुठंही नको, लालावरच सोनेरी गणपती. मालक सकाळपासून मागे उभे. छापलेल्या कागदांचा रंग वरच्या कागदाच्या पाठीला लागत होता. शंभरेक कागद खराब झाल्यावर मालकांनी मला माणसांसमोर झाडलं. "म्हातारा झालास काय? रंग धरना झालाय तुझा!" ते आत गेले. मी शाईच्या सुरीवर मेणाची पेस्ट घेतली आणि शाईत घोटली. थोडीच, असं तेव्हा मनाला सांगितलं. रंग लागायचा थांबला. मालक खूष झाले.

कागद मागच्या खोलीत गेले. त्यानं गालाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मेण न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

का म्हणालो? मालक दारात उभे होते, एवढंच कारण. नंतर एकटा असताना सांगू असं वाटलं. नंतर तो एकटा होता, मी गेलो नाही.

सोनं धरेना. त्यानं मारलेल्या सोन्यावर चिकटपट्टी लावून ओढून बघायची त्याची पद्धत होती. पट्टीला सोनं आलं तर काम नापास. त्या दिवशी प्रत्येक पट्टीला अख्खा गणपती उलटा येत होता. त्यानं ताप वाढवला, कमी केला. दाब बदलला. फॉइलचं दुसरं भेंडोळं लावलं. हीटरवर हात धरून बघितलं. मी दुपारी त्या खोलीत डबा घेऊन गेलो नाही. माझ्या मशीनवर काम आहे असं सांगितलं.

शेवटी त्यानं घरून कापूस मागवला, मऊ, आणि एकेक पत्रिका कोरड्या कापसानं पुसायला बसला. तेव्हा मात्र सोनं बसलं. आज मला त्याचं कारण समजतं: वर आलेलं मेण पुसलं गेलं होतं. पण खाली शाईत होतंच, चार दिवसांत पुन्हा वर यायचं ते आलं. त्याला ते कसं कळावं? त्याला तर मेण नाही असं मी सांगितलं होतं. पट्टी कोरी निघाली तेव्हा तो दोन्ही हात वर करून ओरडला, "न्या रं! झालं!" पुढच्या खोलीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आपल्याकडे पहिली पत्रिका अंबाबाईला, मग कुलदैवताला. पाठवण्याआधी तिला हळदकुंकू लावतात. त्या घरी नवऱ्या मुलाच्या आजीनं ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि पत्रिकेवरच्या गणपतीला टेकवलं. बोट उचललं तर बोटाला गणपती.

मुलाचा काका खोकी घेऊन छापखान्यात आला. आधी आवाज आला, मग माणूस.

"कुणी केलंय हे? आईनं हातरूण धरलंय आमच्या! शुभकार्यात गणपती बोटाला येतोय, काय समजायचं माणसानं?"

मालकांनी त्याला मागच्या खोलीतून बोलावलं. त्यानं पत्रिका घेतली, पट्टी लावली, ओढली. पट्टीवर सोनं. दुसरी घेतली. सोनं. तिसरी त्यानं आधी गालाला लावली. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"शाईत काय घातलतंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मालक, काका, कटिंगवाला.

"नेहमीचीच शाई," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. विश्वास ठेवला. ते मला जास्त आठवतं.

काकानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मालकांना विचारलं, "आडनाव काय ह्याचं?"

मालकांनी सांगितलं.

"मग बरोबर हाय," काका म्हणाला.

आणि मग कटिंगवाला, जो माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला गप्प बसता येत नव्हतं, तो म्हणाला, "तो म्हणतच असतोय की, तुमच्या देवाला चटका देतो म्हणून."

"व्हय?" काका म्हणाला. "चटका देतोस व्हय रं?"

तो विनोद कटिंगवाल्याला मी सांगितला होता.

तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "पावणं, आमच्या जयंतीच्या कार्डालाबी हेच मशीन, हेच सोनं. तिथंबी चटका देऊनच मारतो. चटक्याबिगर सोनं बसत न्हाय. मी मुद्दाम कशाला करू? माझं काम हाय हे."

"तुझं काम आम्ही बघितलं," काका म्हणाला.

मालकांनी त्याला काढलं नाही. "थोडे दिवस येऊ नको, वातावरण निवळू दे," असं म्हणाले. पत्रिका पुन्हा छापायच्या ठरल्या. मी छापल्या. या वेळी मेण घातलं नाही. फॉइलसाठी कागद दुसऱ्या छापखान्यात पाठवले, तिथं कोणी नवशिक्यानं मारलं, आणि ते पक्कं बसलं. मग कोणाला काही सिद्ध करायची गरजच उरली नाही. दुसऱ्याच्या हातून झालं, ह्याच्या हातून नाही, म्हणजे ह्यानं मुद्दाम केलं. तालमीत, टपरीवर, पानपट्टीवर हेच. नावासकट, आडनावासकट.

तो परत आला नाही. निरोप पाठवला होता मालकांनी, एकदा. दुसऱ्या छापखान्यांत गेला होता म्हणे, पण लग्नपत्रिका त्याच्या हातात कोणी देईना. डायऱ्या, व्हिजिटिंग कार्डं देत होते. त्यावर घर चालत नाही. पुढे फॉइलचं काम सोडलं असं कानावर आलं. मागच्या खोलीत मालकांनी रद्दी भरली. मी दुपारी माझ्या मशीनपाशीच भाकरी खाऊ लागलो, थंड.

बऱ्याच वर्षांनी, नवीन शतक सुरू होऊन गेलं होतं, उचगावच्या रस्त्याला माझी स्कूटर पंक्चर झाली. ढकलत ढकलत नाक्यावरच्या दुकानापाशी आलो. दुकान म्हणजे एक पत्रा, पाण्याची पाटी, टायरची माळ. तो बसला होता. मिशी पांढरी झाली होती. माझ्याकडे न बघताच चाकाला हात घातला.

"काय आण्णा, एवढ्या दिसांनी हवा गेली व्हय तुमची?"

तो ट्यूबला ठिगळ लावून वरून तापलेला चाप आवळत होता. "सोनं न्हाय, रबर हाय," म्हणाला. "पन ताप आन् दाब, तेच." अजून तसाच, बोलता बोलता हात चालू. मुलाबाळांची चौकशी केली. माझी बायको गेल्याचं त्याला कळलं होतं. मला त्याच्याकडचं काहीच माहीत नव्हतं.

चाप थंड व्हायची वाट बघताना तो एकदम म्हणाला, "एक इचारू? एवढ्या वर्षांत मला ते कळलंच न्हाय बघ. त्या लाल पत्रिकेचं. ताप बरोबर हुता. दाब बरोबर हुता. पट्टी कोरी निघाल्ती, तू बघितलास. काय चुकलं असंल रं माझं?"

मी चाकाकडे बघत राहिलो.

"मला वाटतंय कापूस," तो म्हणाला. "घरनं उशीतला मागवला हुता की मी. बायकू डोस्क्याला खोबरेल लावती. तेल उतरलं असणार कापसात. मी तिला म्हणलं, तुझ्या तेलानं माझी रोजीरोटी गेली. लई बोललो त्या टायमाला. अजून सण आला, भांडण झालं की तोंडाला येतंय. पन तेलच असणार. न्हायतर दुसरं काय? तू तर मेण घातलं नव्हतंस."

चाप थंड झाला होता. त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे आले नाहीत. मला बोलायला तेवढी जागा होती, त्यापेक्षा जास्त जागा कोणाला कधी मिळत नाही.

"कापूसच असंल," मी म्हणालो.

त्यानं पैसे घेतले नाहीत.

तो गेल्याचं मला फार उशिरा समजलं, बाइंडरकडून, रस्त्यात. दम्यानं गेला. तोवर मालक गेले होते, छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. मुलगा पुण्याला, मी एकटा. रिकाम्या घरात माणूस हळूहळू आपल्याच आवाजाला कंटाळतो, आणि मग जे आवाज ऐकायचे नसतात तेच ऐकू येतात. मला "मेण न्हाय न्हवं?" ऐकू यायचं. स्वयंपाकघरात, अंघोळीच्या वेळी.

गेल्या महिन्यात मी उचगावला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. दारात त्याची बायको पापड वाळत घालत होती. पूर्वी छापखान्यात डबा द्यायला यायची तेव्हा मला भावजी म्हणायची. आता ओळखलं नाही. "या पावणं, कोण पायजे?"

मी ओळख दिली. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी चहा होईपर्यंत थांबलो नाही. जे होतं ते सांगितलं. पावसाळी हवा, रंग धरत नव्हता, मालक मागे उभे, मी शाईत मेण घातलं, त्यानं विचारलं, मी नाही म्हणालो. विनोद मीच पसरवला हेही सांगितलं. नाक्यावर त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा खोटं बोललो, तेही.

ती उभी होती. चहा उतू गेला, तिनं गॅस बंद केला नाही, मीच उठून केला.

"म्हंजे कापसाचं न्हवतं?"

"न्हाय वहिनी. कापसानंच सोनं बसलं होतं. तुमचा कापूस चांगला होता."

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बराच वेळ केसांवरून हात फिरवत राहिली.

"मी तेल लावायचं सोडलं हुतं," ती म्हणाली. "त्या दिसापासनं."

मग तिला काहीतरी सुचलं. माझा दंड धरला. तिच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मला ओढतच तिनं दाराबाहेर गल्लीत आणलं. नळावर तीन-चार बायका घागरी भरत होत्या. समोरच्या कट्ट्यावर दोन म्हातारे बसले होते. एक पोरगा गाडी पुसत होता.

"बोला," ती म्हणाली.

"काय वहिनी?"

"जे आत बोललासा ते. हितं बोला. ह्या सगळ्यांनी त्यांचं नाव ऐकलंय. ह्यांच्याच तोंडानं मी तेलाचं बी ऐकलंय. बोला."

मी बोललो. हळू आवाजात. मधेच एक टेम्पो गेला. नळावरची एक बाई म्हणाली, "काय म्हणतोय गं म्हातारा?" कट्ट्यावरच्या एकानं कानामागे हात धरला.

मी थांबलो. तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. एखादं काम नीट होतंय का ते बघायला उभं राहावं तशी.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "मागल्या घरापतोर गेलं न्हाय."

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.